गिरगावास जावे कसे?

‘गिरगावास जावे कसे?’ असा प्रश्न कोणी मुंबईकर मनुष्यास विचारला, तर तो विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतच राहील. कोकणातून व घाटावरून आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी ज्या गिरगावात आपले पहिले बिऱ्हाड थाटले, त्या गिरगावाचा रस्ता विचारावा लागावा, हेच त्यास नवल वाटेल. तथापि गेली आठ वर्षे हा प्रश्न माझ्यासारख्या पुण्यास राहणाऱ्या, साठी उलटलेल्या आणि गुडघ्यांशी फारसे सख्य न उरलेल्या गृहस्थापुढे उभा होता. त्याचे उत्तर मला मिळत नव्हते, की मी ते शोधीतच नव्हतो, याचा निवाडा हा लेख वाचून झाल्यावर वाचकांनीच करावयाचा आहे.

गिरगावातील एका वाडीत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, माझी धाकटी मावशी बासष्ट वर्षे नांदत आहे. तिचे वय चौऱ्याऐंशी. काकांस जाऊन बरीच वर्षे झाली; मुलगा व सून डोंबिवलीस असतात. ‘आमच्याकडे चल’ म्हणून मुलाने कितीदा तरी विनविले. पण ‘माझी माणसे येतात ती गिरगावात येतात, डोंबिवलीत मला कोण ओळखतो?’ असे म्हणून ती आपल्या दोन खोल्या सोडावयास तयार होईना. आता मात्र ती चाळ पाडून तेथे उंच इमारत व्हावयाची आहे. भाडेकरूंस त्याच ठिकाणी नवी जागा मिळेल असे करारात लिहिले आहे. परंतु ती मिळेपर्यंत काही वर्षे जाणार, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ‘काही वर्षे’ या शब्दांचा अर्थ काय होतो, तो तिलाही कळतो व आम्हांसही कळतो. म्हणून गेल्या कार्तिकात तिने फोनवर सांगितले, “संक्रांत झाली की मी इथून उठणार. तुला यायचे असेल तर त्याच्या आत ये.”

या बोलावण्यानंतर ‘जावे कसे’ या प्रश्नाचा मी प्रथमच मनापासून विचार केला.

गिरगावास जाण्याच्या साधनांचा इतिहास पाहू गेल्यास मुंबईच्या वाहनांचा बहुतेक सारा इतिहास त्यात येऊन जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ती ज्या कंपनीची होती, तिच्या संचालकमंडळात जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी एक जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. नाना गिरगावचेच रहिवासी. आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस त्यांचे नाव आणखी एका कारणाने पूज्य आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मिळणारी मानाची शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाची. ती मला मिळाली नाही हे सांगणे नलगे. परंतु ती मिळावी म्हणून केलेले पाठांतर अद्यापि उपयोगी पडते.

आगगाडीमागून ट्राम आली. १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांनी ओढावयाची, आणि १९०७ साली विजेवर चालणारी. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस धावली. पुढे बस वाढत गेली आणि ट्राम आटत गेली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरास गेली, आणि तो अध्याय संपला. मी त्या वेळी पाच वर्षांचा होतो, त्यामुळे ट्रामची मजला आठवण नाही. मावशीस मात्र आहे. ती तेव्हा नवी नवरी होती, आणि काका तिला शेवटची ट्राम दाखवावयास बोरीबंदरावर घेऊन गेले होते. रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती, असे ती सांगते.

माझ्या वाट्यास आलेले वाहन म्हणजे काकांचे पाय. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे पुण्याहून गाडीने येत असू. काका बोरीबंदरावर उभे असत. आमची वळकटी स्वतःच्या खांद्यावर टाकून ते पुढे चालू लागत. धोबी तलाव, चिरा बाजार, ठाकूरद्वार असा मैल-सव्वा मैलाचा तो रस्ता. काका प्रत्येक नाक्यावर उभे राहून नाव विचारीत, आणि नाव चुकले तर पुढे पाऊल टाकू देत नसत. बसचे पैसे वाचविण्याचा हा त्यांचा मार्ग होता हे मला पुष्कळ उशिरा उमगले. परंतु त्यामुळे गिरगावचा रस्ता माझ्या पायांस पाठ झाला.

असा हा पाठ असलेला रस्ता मी विसरलो कसा? त्याचे कारण सांगण्यास मजजवळ आठ वर्षे एकच वाक्य होते : ‘रस्ता खणला आहे.’ आणि ते खोटे नव्हते. २०१७ च्या सुमारास कुलाब्यापासून उत्तरेकडे भुयारी मेट्रोचे काम जोराने सुरू झाले, आणि जगन्नाथ शंकरशेट मार्गावर पत्र्याची कुंपणे उभी राहिली. काळबादेवी व गिरगाव येथील काही जुन्या इमारती स्थानकांसाठी पाडण्यात आल्या. त्यांतील भाडेकऱ्यांस त्याच भागात नवी घरे देण्याचे ठरले. मी एकदा टॅक्सीवाल्यास ‘गिरगाव’ म्हणालो, तो त्याने मान हलवून गाडी पुढे काढली. चर्नी रोड स्थानकावर उतरावे, तर तेथील पुलाचे जिने. बसने जावे, तर ती कुंपणांच्या गर्दीत अडणार. एवढी साधने मोजून झाली की मी मावशीस फोन करीत असे व सांगत असे, “काम संपले की येतो.”

२०२५ च्या ऑक्टोबरात काम संपले. या मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला भाग २०२४ च्या ऑक्टोबरात, तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा २०२५ च्या मे महिन्यात, आणि तेथून कफ परेडपर्यंतचा शेवटचा भाग ९ ऑक्टोबर २०२५ पासून लोकांस खुला झाला. एकंदर साडेतेहतीस किलोमीटर लांबी आणि सत्तावीस स्थानके. त्यांपैकी आरे तेवढे भूपृष्ठावर, बाकीची सव्वीस जमिनीखाली. गिरगावचा रस्ता अरुंद आणि दोन्ही अंगांस जुनी घरे, म्हणून तेथे साराच रस्ता वरून न उकरता फलाटांची जागा आतून बोगदा पोखरून केली आहे. ज्या रस्त्यास नाना शंकरशेटांचे नाव, त्याच्या पोटातून आज आगगाडीची ही पणती धावते, आणि मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकासही नानांचेच नाव दिले आहे. पूर्वजाचे ऋण कधी कधी अशा रीतीने फिटते.

मी मावशीस फोन केला. “मार्गशीर्षात येतो. मेट्रोने येतो.”

“मेट्रोवर कशाला उतरतोस? तिथून चालावे लागेल,” ती म्हणाली.

क्षणभर मला अर्थबोध होईना. मग उलगडा झाला. धोबी तलावाच्या नाक्यावर १९३८ साली मेट्रो नावाचे चित्रपटगृह उघडले, तेव्हापासून गिरगावकराच्या तोंडी ‘मेट्रो’ म्हणजे तो नाका. बसचा वाहक तेच ओरडतो, टॅक्सीवाला तेच समजतो. व्याकरणात ज्यास रूढार्थ म्हणतात तो किती बळकट असतो, हे विद्यार्थ्यांस शिकविताना या दाखल्यासारखा दाखला मला सापडला नव्हता.

ठरल्या दिवशी मी डेक्कन क्वीनने निघालो. ही गाडी १ जून १९३० पासून पुणे व मुंबई यांच्या दरम्यान धावत आहे. सकाळी सव्वासातला ती पुणे सोडते आणि साडेदहाच्या आत बोरीबंदरास, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, पोहोचविते. संध्याकाळी पाचनंतर तीच परत निघते. अर्थात पुण्याच्या मनुष्यास एका दिवसात जाऊन-येऊन गिरगावात पाच तास बसता येते. ही गोष्ट मला चाळीस वर्षांपासून माहीत होती, हेही येथेच नमूद करून ठेवतो.

टर्मिनसच्या लगतच मेट्रोचे स्थानक आहे. सरकत्या जिन्याने खाली उतरलो. ज्यांस सरकत्या जिन्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी लिफ्टही आहे. खिडकीवर दहा रुपये देऊन गिरगावचे तिकीट घेतले. तिकीट म्हणजे एक कागद. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकोनी नक्षी असते. ती यंत्रापुढे धरली की फाटक उघडते. हा कागद मात्र चुरगळून टाकू नये, कारण बाहेर पडताना तो पुन्हा दाखवावा लागतो. ‘आरे’ असे ज्या फलाटावर लिहिलेले असेल त्यावर उभे राहावे. गाडी येते तेव्हा फलाटाच्या कडेची काचेची दारे व गाडीची दारे एकदमच उघडतात, त्यामुळे रुळांवर पडण्याचे भय नाही. पहिले स्थानक काळबादेवी, दुसरे गिरगाव. काकांच्या मागून ज्या रस्त्यास अर्धा तास लागे, तो चार-पाच मिनिटांत संपला. एकाही नाक्याचे नाव कोणी विचारले नाही. विचारले असते तरी खाली अंधारात नाके दिसत नाहीत.

येथे इतर गावांहून येणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगून ठेवतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून येणाऱ्यांनी मध्य रेल्वेच्या लोकलने टर्मिनसपर्यंत यावे व वर सांगितल्याप्रमाणे मेट्रो धरावी. नाशिककरांची पंचवटी एक्सप्रेसही टर्मिनसलाच येते. बोरिवली, विरारकडील मंडळींनी चर्चगेटकडे जाणारी धिमी लोकल धरून चर्नी रोडला उतरावे. स्थानकाच्या पूर्वेस महर्षी कर्वे मार्ग ओलांडून ठाकूरद्वाराच्या दिशेने दहा-बारा मिनिटे चालले की गिरगाव येते. फक्त पुलाचा जिना चढण्याची तयारी असावी. घाटकोपर किंवा अंधेरीच्या बाजूने येणाऱ्यांनी २०१४ साली सुरू झालेल्या पहिल्या मेट्रोने मरोळ नाक्यास यावे आणि तेथे या भुयारी गाडीत बदलावे. हल्ली बहुतेक घरांत एखादा मुलगा वा मुलगी परदेशी असते. त्यांच्यासाठी तर सोय अशी की, विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांस या मार्गावर स्थानक आहे, आणि तेथून गाडी न बदलता गिरगावास येता येते. बसही अर्थात आहेच. तिचे किमान भाडे २०२५ च्या मे महिन्यात पाचाचे दहा रुपये झाले. ज्यास घाई नाही आणि रस्ता पाहावयाचा आहे, त्याने बसच पसंत करावी. आणि ज्याचे गुडघे शाबूत आहेत, त्याने टर्मिनसपासून चालत जावे.

मी वर आलो आणि काही क्षण दिङ्मूढ होऊन उभा राहिलो. भुयारातून वर येणाऱ्या मनुष्याची ही नवीच अडचण आहे. गाव हळूहळू जवळ येत नाही, तो एकदम त्याच्या मधोमध उभा असतो. पत्र्याची कुंपणे बहुतेक निघाली होती. जुन्या लाकडी सज्जांच्या चाळींमधून काचेच्या नव्या इमारती डोके काढून उभ्या होत्या. परंतु गल्ल्यांच्या तोंडावरील नावे तीच होती : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट. कधी काळी येथे खरोखरीच आगरे व बागा होत्या, आणि मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव म्हणून या वस्तीस गिरिग्राम, म्हणजेच गिरगाव, हे नाव पडले, असे सांगतात. फणस गेले, आंबे गेले, टेकडीही इमारतींआड दिसेनाशी झाली. नावे मात्र राहिली आहेत. खोताच्या वाडीतील जुनी लाकडी घरे आज थोडीच उरली आहेत. १८९३ पासून जेथे सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे, ती केशवजी नाईकांची चाळ मात्र या भागातील प्रत्येक जण आपल्याच घराप्रमाणे दाखवितो. मीही वाट चुकल्याचे न दाखविता एका दुकानदारास मावशीच्या वाडीचे नाव सांगितले. तो म्हणाला, “डावीकडे. पण मास्तर, पाडायची आहे ना ती?” मी मास्तर आहे हे त्यास कसे कळले, हे मला अद्यापि उलगडलेले नाही.

मावशी दारातच बसून तांदूळ निवडीत होती. मी वाकून नमस्कार केला. “आलास? पाणी पी आधी,” ती म्हणाली. मग सूप बाजूस सारून तिने विचारले, “बोरीबंदराहून किती वेळ लागला?”

“वर-खाली धरून पंधरा मिनिटे.”

“पंधरा मिनिटे!” तिने मान डोलविली. “मग इतकी वर्षे का नाही आलास रे?”

“मावशी, रस्ता खणला होता ना.”

“खणला होता खरा,” ती म्हणाली. “समोरच्या दुकानाचे गिऱ्हाईक निम्मे झाले. धूळ तर अशी, की पापड गच्चीवर घालायची सोय नव्हती. पण दूधवाला रोज आला. पेपरवाला आला. भाजीवाली म्हातारी आहे माझ्याएवढी, ती डोक्यावर पाटी घेऊन पत्र्याच्या कडेकडेने यायची. पोस्टमन आला. त्यांना रस्ता सापडत होता.”

हे बोलताना तिच्या स्वरात राग नव्हता. तांदळात खडा लागावा व तो काढून टाकावा, तसे तिने ते म्हटले व पुन्हा सूप पुढे ओढले. मला उत्तर सुचले नाही. त्या आठ वर्षांत मी काशीस जाऊन आलो होतो, रामेश्वरास जाऊन आलो होतो, आणि नातवासाठी दोनदा बंगळुरास राहून आलो होतो. त्या सर्व ठिकाणी गुडघ्यांनी मला नेले. नेमके गिरगावचेच जिने त्यांस झेपत नव्हते, असे म्हणणे म्हणजे गुडघ्यांवर अन्याय करणे होय. खरी गोष्ट अशी की, मावशी तेथे आहेच, ती कोठे जाणार आहे, या भरवशावर मी निर्धास्त होतो. जे माणूस नेहमी जागेवर असते, त्याच्याकडे जाण्याचा दिवस आपण नेहमी पुढे ढकलू शकतो. रस्ता हे केवळ निमित्त होते. तो खणला नसता, तर मी दुसरे काही शोधिले असते.

जेवणात तिने वालाची उसळ केली होती. मे महिन्याच्या सुट्टीत मला ती आवडत असे, हे तिच्या लक्षात होते, माझ्या नव्हते. जेवून झाल्यावर तिने घर दाखविले, म्हणजे काय काय डोंबिवलीस जावयाचे व काय येथेच टाकावयाचे ते दाखविले. पितळेचा पाण्याचा हंडा जाणार नव्हता. तिकडे त्यास ठेवावयास जागा नाही. काकांची काठी जाणार होती. फळीवरच्या डब्यांकडे बोट करून ती म्हणाली, “ही तुझी मेट्रो. खाली यंत्र चालायचे तेव्हा हे डबे एकमेकांवर आपटायचे. रात्री-अपरात्री. आठ वर्षे हिने माझी भांडी वाजवली.”

“आणि तू अजून पाहिली नाहीस?”

“कोणाबरोबर पाहू?”

हा प्रश्न मला पहिल्यापेक्षाही जड गेला. मी म्हणालो, “चल. आत्ता.”

तिने पातळ बदलले, शेजारणीस किल्ली दिली, आणि काकांची काठी हाती घेतली. चाळीचे दोन जिने उतरावयास आम्हांस जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात आम्ही स्थानकापाशी पोहोचलो. लिफ्टच्या दाराशी मी माझी विद्वत्ता प्रकट केली. म्हणालो, “मावशी, मराठीत यास उद्वाहन म्हणतात. गंमत अशी की, संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न.”

“या वयात नको बाबा,” ती म्हणाली, आणि आत शिरली.

आम्ही काळबादेवीची दोन तिकिटे काढली, वीस रुपये. गाडी आली. एका मुलीने उठून मावशीस जागा दिली. तिला नीट बसता येते न येते तोच स्थानक आले आणि आम्ही उतरलो. तेथील फलाटावर बाकावर बसून तिने पदराने तोंड पुसले व चहूकडे पाहिले. “गार आहे रे इथे. आणि धूळ नाही.” मग पुष्कळ वेळ काही बोलली नाही. दोन गाड्या आल्या व गेल्या. तिसरी येताना तिने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, “ट्राम गेली ती मी पाहिली. ह्यांनी दाखवली. ही आली ती तू दाखवलीस. बरे झाले. नाहीतर नुसता आवाजच घेऊन गेले असते डोंबिवलीला.”

मी पुन्हा वीस रुपयांची तिकिटे काढली, आणि आम्ही गिरगावास परत आलो.

माझी गाडी संध्याकाळची होती. निघताना तिने एका बाटलीत मेतकूट बांधून दिले. “संक्रांतीपर्यंत मी इथे आहे,” ती म्हणाली. “मग डोंबिवलीला. तिथे कसे यायचे ते ठाऊक आहे का तुला?”

“आहे. कल्याणास थांबणारी गाडी धरावयाची. कल्याणला उतरून मुंबईकडे जाणारी धिमी लोकल. पहिले ठाकुर्ली, दुसरे डोंबिवली. दोनच स्थानके.”

“दोनच?” तिने क्षणभर हिशेब केला. “बोरीबंदराहून इथेही दोनच.”

“हो.”

“मग बघू,” ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मी हे ‘मग बघू’ पुष्कळदा मनात घोळविले. शाळेत असताना गृहपाठ न केलेल्या मुलाने उद्याचा वायदा केला, म्हणजे मीही त्यास हेच म्हणत असे.

वाचकहो, शहरे आता जवळ आली आहेत असे आपण नित्य ऐकतो, आणि ते खरेही आहे. भुयारे झाली, पूल झाले, दहा रुपयांत व पाच मिनिटांत आपण एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाऊन उभे राहतो. परंतु ज्यांच्याकडे जावयाचे ती माणसेही याच काळात जागा बदलीत आहेत. वाड्या मोडत आहेत, चाळी पडत आहेत, आणि मावशी, आत्या, काकू यांचे पत्ते एकेक करून दूरच्या उपनगरांत जात आहेत. रस्ता तयार होईपर्यंत थांबावे, तो दार बंद व्हावे, असा हा काळ आहे. म्हणून माझे एवढेच सांगणे की, ‘जावे कसे’ हे पाहण्यापूर्वी ‘जावयाचे केव्हा’ ते आधी ठरवावे. दिवस एकदा ठरला म्हणजे रस्ता सापडतो. तो भाजीवालीस सापडत होता.

मी घरी आल्यावर नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेत रथसप्तमीचा दिवस शोधून त्यावर तांबड्या शाईने खूण केली आहे आणि खाली लिहिले आहे : ‘कल्याण. ठाकुर्ली. डोंबिवली.’ सूर्यनारायण ज्या दिवशी रथात बसून आपली दिशा बदलतो असे आपण मानतो, त्या दिवशी एका निवृत्त मास्तराने लोकलमध्ये बसून दोन स्थानके जाण्यास हरकत नसावी. मेतकुटाची बाटली तोवर संपेल. ती रिकामी परत न्यावयाची आहे.